एका कपाचा अभिषेक

स्वयंपाकघरात शिरलेल्या बाईला एका वेळी एकच काम करण्याची चैन सहसा लाभत नाही. एका शेगडीवर वरण उकळत असते, दुसरीवर तवा तापत असतो, हात कणकेत असतात, कान कुकरच्या शिट्ट्या मोजीत असतात आणि एक डोळा दुधावर असतो. या कसरतीलाच आपण संसार म्हणतो, आणि ती साधली की सुगरणपणाची पदवी मिळते. चहासुद्धा या शिस्तीत चपखल बसतो. आधण ठेवावे, तेवढ्यात भाजी निवडावी. झाकण ठेवून चहा मुरू द्यावा, तेवढ्यात डबे भरावेत. चाळीस वर्षे मी याच रीतीने वागत आले. म्हणून साठी उलटल्यावर माझ्या ओट्यावर एक असे पेय आले, की जे करताना दुसरे काहीच करता येत नाही, तेव्हा मला त्याचे मोठे नवल वाटले. आता मात्र पहाटेची ती बारा मिनिटे कोणी मागितली, तर मी सहजासहजी द्यायची नाही.

कॉफी आम्हा बेळगावकरांना नवी नाही. माझे माहेर मिरजेचे. तिथे कॉफी म्हणजे दूध-साखरेत उकळलेली आणि वरून जायफळ किसून घातलेली. पाहुणे आले, कोणाचे डोके धरले, की ती व्हायची. कॉफी झोप घालवते आणि जायफळ झोप आणते; या दोघांना एकाच पातेल्यात गुण्यागोविंदाने नांदवण्याचा चमत्कार आपल्या मराठी घरांनाच सुचावा! १९८१ साली लग्न होऊन मी टिळकवाडीत आले, तेव्हा शेजारच्या कन्नड काकूंकडे पितळेचे दोन मजली गाळणे पाहिले. वरच्या भांड्याच्या बुडाला बारीक भोके, त्यात दाबून बसवलेली पूड, तिच्यावर उकळते पाणी. रात्री झाकण ठेवून काकू खुशाल निजायला जात, आणि पहाटेपर्यंत खालच्या भांड्यात काळाभोर अर्क उतरलेला असे. त्यात कढत दूध मिसळले की कॉफी तयार. पाहता पाहता ती आमच्याही घरात आली. सीमेवरच्या घरांचे असेच असते. भांडणे वर्तमानपत्रांत चालतात आणि पाककृती कुंपणावरून ये-जा करतात.

या अर्काला दाटपणा आणि काळा रंग येतो तो बराचसा चिकोरीमुळे. चिकोरी ही कॉफी नव्हे. एका लहानशा रोपाचे मूळ भाजून दळलेली ती पूड असते. बडोद्याच्या वाचकभगिनींना हे सांगितलेच पाहिजे, की आमच्या दक्षिणेच्या पेल्यात पडणारी चिकोरी पुष्कळदा तुमच्या गुजरातेतून, जामनगर आणि खेडा-आणंद या भागांतून येते. आपण घोट घेतो इकडचा म्हणून, आणि त्यात अर्धी चव तिकडची असते.

मी जिच्याविषयी लिहीत आहे ती कॉफी मात्र या दोन्हींहून वेगळी. २०२१च्या दिवाळीत बेंगळूरहून मुलगी आली, ती चिनी मातीचा एक शंकू, कागदाच्या गाळण्यांचा पुडा, हाताने फिरवायची छोटी दळणी आणि लांब निमुळत्या तोटीची किटली घेऊन. शंकू कपावर ठेवायचा, त्यात कागद, कागदात ताजी दळलेली कॉफी, आणि वरून हाताने सावकाश पाण्याची धार. एका वेळी कप होतो तो एकच. "अगं, चार माणसांच्या घरात हे खेळणं काय कामाचं?" मी विचारले. "म्हणूनच आणलं," ती म्हणाली, "हा कप तुला दुसऱ्या कोणाला वाटून देता येणार नाही."

या युक्तीचा जन्म एका गृहिणीच्याच हातून झाला, हे पुढे कळल्यावर मला विशेष आनंद झाला. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात मेलिटा बेंट्स नावाची बाई कपाच्या तळाशी बसणाऱ्या गाळाला कंटाळली होती. तिने पितळेच्या भांड्याला खिळ्याने भोके पाडली आणि मुलाच्या शाळेच्या वहीतला टीपकागद त्यात घातला. खाली निवळशंख कॉफी उतरली! १९०८ साली तिने या गाळण्याचे पेटंट घेतले आणि त्याच वर्षी घरच्या मंडळींना हाताशी धरून कंपनीही काढली. आपल्याकडे टीपकागद शाई टिपण्यापलीकडे गेला नाही. तिने त्यावर जगाची सकाळ गाळून घेतली.

आता कृती सांगते. कॉफीचे भाजलेले दाणे मी चिकमगळूरचे घेते. सतराव्या शतकात बाबा बुदन नावाच्या सूफी साधूने येमेनमधल्या मोखा बंदराकडून सात बिया लपवून आणल्या आणि तिथल्या डोंगरात लावल्या, अशी कथा सांगतात. तो डोंगर आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. दाणे १५ ग्रॅम आणि पाणी २४० मिलिलिटर, म्हणजे एकास सोळा, हे प्रमाण. दळण जाडसर रव्यासारखे असावे. फार बारीक झाले तर पाणी तुंबते आणि कॉफी कडू होते. फार जाड झाले तर पाणी भराभर निघून जाते आणि हाती आंबटसर पाणी उरते. कागद आधी गरम पाण्याने धुऊन घ्यावा, म्हणजे त्याचा वास जातो आणि कपही तापतो. पाणी उकळते नको, उकळी बसल्यावर थोडे थांबलेले हवे. आमचे बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंच असल्यामुळे इथे पाणी मुळातच ९७ अंशांच्या आसपास उकळते. तेव्हा आम्हाला फार थांबावे लागत नाही.

पहिले पाणी पूड भिजेल इतपतच घालायचे, आणि अर्धा मिनिट नुसते पाहत राहायचे. ताजी कॉफी असेल तर ती फुगते, वर येते, बारीक बुडबुडे सोडते. भाजताना दाण्यात कोंडलेला वायू तेव्हा बाहेर पडत असतो, आणि तो गेल्याशिवाय पाण्याला आत शिरकाव नसतो. मग मध्यापासून कडेकडे आणि कडेकडून पुन्हा मध्याकडे, बारीक धारेने पाणी फिरवीत राहायचे. तीन-साडेतीन मिनिटांत सारे उरकते. एवढ्या वेळात फोन घेता येत नाही, दूध बघता येत नाही, भाजीला फोडणी देता येत नाही. एक हात किटलीला, दुसरा शंकूला, आणि नजर धारेवर.

ही बारा मिनिटे मला इतकी मोलाची का, हे सांगायचे तर घरातली एक गोष्ट सांगावी लागेल. माझ्या सासूबाई एक्क्याण्णव वर्षांच्या आहेत. २०२२मध्ये त्या पडल्या, खुब्याचे हाड मोडले आणि तेव्हापासून त्या अंथरुणालाच खिळल्या. दिवसा मदतीला बाई येते. रात्र आणि पहाट माझी. त्यांच्या उशाशी देव्हाऱ्यातली जुनी घंटा ठेवली आहे. ती वाजली की जायचे. रात्रीतून दोन-तीनदा ती वाजतेच. त्यात कुरकुर करण्यासारखे काही नाही. ज्या देहाने घरासाठी साठ वर्षे कष्ट उपसले, त्याचे आता कोणीतरी करायलाच हवे. पण पहाटे पाचला मी धार धरावी आणि घंटा वाजावी, असे पुष्कळदा व्हायचे. किटली ठेवून मी धावायची. परत येईपर्यंत कागदातला लगदा गार, कप कडू. यजमान म्हणत, "जायफळाची कर, ती थांबते तरी." तेही खरेच होते.

एके दिवशी सासूबाईंनी विचारले, "पहाटे कसली गं घरघर ऐकू येते? आणि मग एकदम सगळं सामसूम." शब्दांनी सांगण्यापेक्षा मी सगळा सरंजाम त्यांच्या खोलीतल्या तिपाईवर मांडला. दळणी फिरू लागली तशा त्या म्हणाल्या, "हे तर जातंच." मग धार सुरू झाली. तीन मिनिटे त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. शेवटचा थेंब पडल्यावर म्हणाल्या, "हा अभिषेक आहे गं. याची धार मधे तोडायची नसते." आणि थोड्या वेळाने, जणू स्वतःशीच, "आम्ही पहाटे जात्यावर बसलो की तेवढा वेळ कोणी हाक मारत नसे. सासूसुद्धा नाही."

त्या दिवसापासून घरघर ऐकू आली की त्यांची घंटा वाजत नाही. कधी त्यांना पाणी हवे असते, कधी कूस वळवून हवी असते, हे मला ठाऊक असते. तरी त्या थांबतात. मग आतून आवाज येतो, "झाला का अभिषेक? मग ये." या घरात माझ्यासाठी कोणी थांबल्याचे मला फारसे आठवत नाही. घर वाईट होते म्हणून नव्हे, थांबण्याचे खाते आरंभापासून माझ्याकडे होते म्हणून. ते एक्क्याण्णवाव्या वर्षी, अंथरुणावर पडल्या पडल्या, सासूबाईंनी स्वतःकडे घेतले. त्यांच्याजवळ देण्यासारखे आता दुसरे फारसे काही उरलेले नाही. जे आहे ते त्या रोज देतात.

जात्यावर बसले की ओवी सुचते, असे आपल्यात म्हणतात. त्यातले मर्म मला या शंकूपाशी उभी राहिल्यावर उमगले. जात्यापाशी बाईचे दोन्ही हात अडकलेले असत. म्हणूनच तिचे मन सुटत असे. दहा कामांत वाटले गेलेले हात मनालाही दहा ठिकाणी ओढतात. एकाच कामात पुरते गुंतलेले हात त्याला मोकळे सोडतात. जाती गेली, त्याबद्दल हळहळायचे कारण नाही. ती ओढून ज्यांच्या पाठी मोडल्या त्यांना विचारावे. पण त्यांच्याबरोबर बाईची ती हक्काची, हाक न मारण्याची वेळही गेली. ती कोणत्याही रूपाने परत मिळवता आली तर मिळवावी. त्यासाठी कॉफीच हवी असे नाही. कोणी फुलवाती वळील, कोणी रांगोळीचे ठिपके मांडील. अट एकच, की त्या वेळात दुसरे काम होता कामा नये, आणि घरातल्यांना ते ठाऊक असावे.

एवढे केल्यावर कॉफी कशी लागते, हे विचाराल तर सांगते. रंग फिकट चहासारखा, वास मात्र खोलीभर. चव आधी किंचित आंबूस आणि मग गूळ चाटल्यासारखी. यजमान तिला पाणचट म्हणतात आणि आपली जायफळाची घेऊन शेजारी बसतात. तिच्यात साखर मुळीच घालू नये, असे मुलीने बजावले आहे. मी अर्धा चमचा घालते. कप माझा आहे.