सरकारी टीव्ही कुणावर हसतो?

एखादी वाहिनी नक्की कुणाची आहे हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. ती कुणाला हसते आणि कुणाला हसायला घाबरते, एवढे पाहावे. दूरदर्शनच्या पक्षपाताचा विषय निघाला की आपल्या कार्यकर्त्यांची चर्चा बहुधा बातम्यांपाशी थांबते. कोणत्या नेत्याला किती मिनिटे दिली, कोणाची सभा दाखवली, कोणाची गाळली. हा हिशोब मांडलाच पाहिजे. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांतून फिरताना आम्हाला त्याच्या पुढचा प्रश्न छळतो. आपल्या पैशावर चालणाऱ्या या टीव्हीवर सत्तेची थट्टा का होत नाही?

हा शहरी लोकांचा शौकाचा प्रश्न आहे असे कोणी समजू नये. जिवती, एटापल्ली, धानोरा भागातल्या घरांच्या छपरांवर नजर टाका. डीडी फ्री डिशची ताटली दिसेल. २००४ मध्ये सुरू झालेली ही सेवा एकदा ताटली बसवली की महिन्याचे भाडे मागत नाही. धानाच्या आणि तेंदूपत्त्याच्या हंगामावर ज्यांचे वर्ष चालते, त्यांना दर महिन्याचा रिचार्ज जड जातो. देशभरात चार कोटींहून जास्त घरे या ताटलीवर आहेत. म्हणजे ज्याच्याकडे सर्वात कमी पर्याय आहेत, त्याच्याच घरात सरकारचा आवाज सर्वात मोठा आहे.

हा आवाज कोणत्या एका पक्षाने बिघडवला असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. फेब्रुवारी १९७७ आठवा. आणीबाणी सैल झाली होती, निवडणूक जाहीर झाली होती आणि जगजीवनराम काँग्रेस सोडून बाहेर पडले होते. दिल्लीच्या रामलीला मैदानावर त्यांची सभा ठरली. त्या रविवारी दूरदर्शनने ठरलेला चित्रपट बदलून 'बॉबी' लावला. लोकांनी घरी बसून सिनेमा पाहावा आणि मैदान रिकामे राहावे हा डाव होता. लोक तरीही गेले. बाबूजींचे राजकारण आमचे नव्हते. पण एका दलित नेत्याची सभा पाडण्यासाठी सरकारी टीव्हीने करमणुकीचे हत्यार वापरले, हे आपण विसरता कामा नये. करमणूक निरुपद्रवी असते असे मानणाऱ्यांना हे एक उदाहरण पुरे आहे.

पुढे सत्ता बदलली, सवय बदलली नाही. ३ ऑक्टोबर २०१४ रोजी नागपूरहून सरसंघचालकांचे विजयादशमीचे भाषण दूरदर्शनने देशभर थेट दाखवले. त्याला बातमीमूल्य होते, असे स्पष्टीकरण आले. ठीक आहे. पण त्याच दिवशी, त्याच नागपुरात, दीक्षाभूमीवर लाखो माणसे स्वतःच्या खर्चाने, शिदोरी बांधून आली होती. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आणि १६ ऑक्टोबरला आमच्या चंद्रपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. चंद्रपूरच्या त्या सोहळ्यासाठी बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे राबले. जगाच्या इतिहासात असे धर्मांतर शोधून सापडणार नाही. त्याचे बातमीमूल्य आणि एका संघटनेच्या प्रमुखाच्या वार्षिक भाषणाचे बातमीमूल्य कोणत्या तराजूत तोलले गेले, हे आम्हाला कोणी समजावून सांगावे.

२०२४ च्या लोकसभेला आमच्या दोन्ही मतदारसंघांत, चंद्रपूरला आणि गडचिरोली-चिमूरला, १९ एप्रिल रोजी मतदान झाले. त्याच्या दोन आठवडे आधी, ५ एप्रिलला, दूरदर्शनने 'द केरला स्टोरी' दाखवला. मतदानाच्या तीन दिवस आधी, १६ एप्रिलला, डीडी न्यूजचे बोधचिन्ह भगवे झाले. आचारसंहिता लागू होती. याच निवडणुकीत पक्षांना मिळणाऱ्या प्रचार-भाषणाच्या वेळेत सीताराम येचुरी यांना 'सांप्रदायिक हुकूमशाही राजवट' अशा अर्थाचे शब्द गाळायला लावले. आणि ज्या पक्षांची नोंदणी आहे पण मान्यता नाही, त्यांना या वेळेत मुळात जागाच नाही. शब्द गाळायलासुद्धा त्यांना कोणी बोलावत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. प्रसार भारती कायदा १९९० चा, अमलात आला १९९७ मध्ये. त्याचे कलम १२ प्रत्येक कार्यकर्त्याने वाचून ठेवावे. लोकांना मोकळी, खरी आणि निःपक्ष माहिती मिळवण्याचा हक्क आहे, तो जपणे हे या संस्थेचे काम. परस्परविरोधी मते दाखवणे आणि स्वतःची विचारसरणी न लादणे हेही काम. आणि त्याच कलमात सामाजिक न्यायाला चालना देणे, शोषण, विषमता व अस्पृश्यतेसारख्या दुष्प्रथांशी लढणे हे कर्तव्य शब्दांत लिहिले आहे. म्हणजे दूरदर्शनने जातीविरुद्ध बोलावे ही आमची विनंती नाही, ते त्याच्या नेमणुकीच्या कागदावरचे काम आहे.

त्याच्याही आधी, फेब्रुवारी १९९५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ही गोष्ट आमच्या भागातल्या माणसाला लगेच समजते, कारण जंगलाच्या बाबतीत तो हेच भोगून चुकला आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्काचा कागद मिळाला. पण कागद मिळाला म्हणून बांबू हाती आला का? वाहतूक परवान्याची चावी वनखात्याने धरून ठेवली होती. ती ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडावा लागला, आणि त्यासाठी केंद्रीय मंत्र्याला गावात यावे लागले. आकाशलहरींचे नेमके तेच झाले आहे. मालकी जनतेची, असे न्यायालय म्हणते. परवाना मात्र अजून मंत्रालयाच्या खिशात आहे.

या खिशातला परवाना सर्वात घट्ट कुठे आवळला जातो, तर विनोदावर. एके काळी दूरदर्शनवर थोडी फट होती. १९८८ मध्ये 'कक्काजी कहिन'मध्ये ओम पुरींनी पुढाऱ्याचे सोंग उघडे केले. १९८९ मध्ये जसपाल भट्टींचा 'फ्लॉप शो' आला. ठेकेदार, अधिकारी, विद्यार्थ्याकडून घरची कामे करून घेणारा पीएचडीचा मार्गदर्शक, सगळ्यांना त्यांनी धुतले. अवघे दहा भाग, पण लोक अजून आठवण काढतात. त्या विनोदालाही मर्यादा होती. त्यात भ्रष्टाचार होता, जात नव्हती. तरी सरकारी टीव्हीवर सरकारी माणसाला हसता येत होते. आज सत्तेवर बोट ठेवणारा असा एक कार्यक्रम दूरदर्शनवर कोणी आम्हाला दाखवून द्यावा.

उलट टीव्हीवरचा विनोद, सरकारी असो की खासगी, खाली उतरतो. नोकर, हवालदार, खेड्यातून आलेला भोळा पाहुणा हवा असला की त्याच्या तोंडी वऱ्हाडी किंवा आमची झाडीबोली घालतात. काळ्या रंगावर हसतात, आडनावावर हसतात. ज्याला आधीच गावकुसाबाहेर ठेवले, त्यालाच पुन्हा पडद्यावर उभे करून हसणे याला आम्ही विनोद म्हणत नाही. ती जुनी व्यवस्थाच आहे, फक्त मागून टाळ्यांचा आवाज जोडला आहे.

विनोद कसा करावा हे आमच्या झाडीपट्टीला कोणी शिकवण्याची गरज नाही. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, दंडार उभी राहते. मग देसाईगंज-वडसा येथून नाटकमंडळ्या निघतात आणि धान निघालेल्या बांधीत मंडप घालून रात्रभर नाटक चालते. आमच्यापैकी बरेच जण आईच्या पदराखाली झोपून, विनोदी नट आला की जागे होऊन हे पाहत वाढले. या रंगभूमीची एक रीत बघण्यासारखी आहे. नाटकाचे उद्घाटन पुढाऱ्याच्या हातून होते. तो हारतुरे घेऊन पहिल्या रांगेत खुर्चीवर बसतो, आणि पहिल्याच अंकात विनोदी नट त्याच्याकडे वळतो. सिंदेवाहीकडच्या एका गावात आम्ही ऐकलेले बोल अजून लक्षात आहेत: "रस्ता कोठी आहे म्हनता? कागदावर आहे ना जी! चालाचं असंन त कागदावरून चाला!" मंडप हसून लोटपोट झाला. पहिल्या रांगेतल्यालाही हसावे लागले, कारण उठून गेला असता तर सकाळपर्यंत पंचक्रोशीत पुढची गंमत त्याच्यावरच झाली असती.

ही त्या मंडपाची लोकशाही आहे. तिकीट लोकांनी काढलेले असते, म्हणून नट लोकांच्या बाजूने बोलतो. याच रंगभूमीवर हजारो प्रयोगांत लोकांना हसवणारे गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. आम्हाला त्याचा अभिमान आहे. पण कलावंताच्या छातीवर पदक लावणे आणि त्याच्या कलेतला टोमणा आठ वाजताच्या बातम्यांनंतर न कापता दाखवणे, यांत फरक आहे. झाडीपट्टीवरचे जे कार्यक्रम आम्ही टीव्हीवर पाहिले, त्यांत फेटा दिसला, नाच दिसला, ढोलकी ऐकू आली. सरपंच, सावकार, रेशन दुकानदार यांना मारलेला टोला तेवढा गायब होता. दात काढून वाघ दाखवावा, तसे हे. आणि ज्या रंगभूमीवर बाईच्या अंगावरून केलेले विनोद अजून सर्रास चालतात, तिथेही दिशेचा प्रश्न विचारायला आपण कचरू नये.

आंबेडकरी चळवळीचा तर जन्मच अशा थट्टेबरोबर झाला. सत्यशोधक जलशांनी भटशाहीची टर उडवली. भीमराव कर्डकांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला, तमाशाचा साचा घेतला आणि त्यातली लाचारी काढून टाकली. अक्षर न येणाऱ्या आपल्या आजोबा-पणजोबांना चवदार तळे आणि काळाराम मंदिर कळले ते या जलशांतून, हसत हसत. म्हणून प्रस्थापितांना या हसण्याची भीती वाटते. कबीर कला मंचाच्या सागर गोरखे आणि रमेश गायचोर यांना सप्टेंबर २०२० मध्ये अटक झाली. त्यांच्या हातात डफ होता. २०२३ मध्ये सत्तांतरावर रॅप करणाऱ्या राज मुंगासेवर गुन्हा दाखल झाला. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामराने उपमुख्यमंत्र्यांवर विडंबन केले, तर मुंबईतला त्याचा मंच फोडला आणि दुसऱ्या दिवशी महापालिकेचे हातोडे तिथे पोहोचले. आमच्या जिल्ह्यांत तर एखादा मुलगा खाणीवर, रस्त्यावर, पोलीस ठाण्यावर दोन ओळी जोडून म्हणाला, की त्याच्या पाठीवर 'नक्षली' ही चिठ्ठी चिकटवायला वेळ लागत नाही. शहरातल्या विनोदकाराचा कार्यक्रम जातो. इथल्या पोराचे आयुष्य जाते.

इथे कोणी आम्हाला २०१२ ची आठवण देईल. अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात शंकर यांचे १९४९ चे व्यंगचित्र होते. संविधानाच्या गोगलगायीवर बसलेले बाबासाहेब आणि मागे चाबूक उगारलेले नेहरू. ११ मे २०१२ ला संसदेत गदारोळ झाला, पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले आणि दुसऱ्या दिवशी पुणे विद्यापीठात पळशीकरांच्या कार्यालयाची तोडफोड झाली. तेव्हा तुम्ही व्यंगावर चिडलात, मग आता कोणत्या तोंडाने व्यंगाची बाजू घेता, असे आम्हाला विचारले जाते.

याचे उत्तर स्पष्ट आहे. वर्गात बसलेल्या दलित मुलासाठी चाबूक ही अलंकारिक गोष्ट नसते. त्याच्या पूर्वजांच्या पाठीने तो झेलला आहे, आणि शेजारच्या बाकावरची मुले हसतात तेव्हा ती गोगलगायीला हसत नाहीत. हा आक्षेप बरोबर होता, आजही बरोबर आहे, आणि तो लेखणीने मांडायचा होता. तोडफोड हा आंबेडकरी मार्ग नाही. विनोद आवडला नाही म्हणून खोली फोडता येते हा नियम एकदा रूढ झाला की तो ताकदवानाच्या कामी येतो, आणि शेवटी फुटते ती जलशाची हलगी. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बजावले होते की राजकारणातली भक्ती हा हुकूमशाहीकडे नेणारा रस्ता आहे. भक्ताला थट्टा सहन होत नाही. नागरिकाला ती लागते.

मग करायचे काय? नुसते चिडून टीव्ही बंद केल्याने काही होणार नाही, कारण शेजारच्या घरातला चालूच राहतो. प्रसार भारतीला माहिती अधिकार कायदा लागू आहे. धम्मचक्र दिनाला किती वेळ दिला, विजयादशमीच्या इतर कार्यक्रमांना किती, झाडीपट्टीच्या लोककलांवर किती कार्यक्रम केले, हे लेखी विचारा. एक वही घाला आणि १४ ऑक्टोबरपासून महिनाभर रोजच्या बातम्यांची नोंद ठेवा: कोण बोलले, किती वेळ, आपल्या जिल्ह्यातले कोण दिसले आणि कोणत्या रूपात. ती नोंद कलम १२ समोर ठेवून खासदाराला जाब विचारा. मंडईच्या दिवसांत सह्याद्री वाहिनीने दंडार आणि झाडीपट्टीचे नाटक टोमण्यांसकट दाखवावे, असा ठराव ग्रामसभेत घ्या. आणि कुणा विनोदकारावर गुन्हा दाखल झाला तर तो आपल्या विचारांचा आहे का, हे विचारण्याआधी त्याने कुणाला हसले ते पाहा. वरच्याला हसला असेल तर त्याच्या बाजूने उभे राहा.

जंगल आमचे आहे हे आमच्या गावांनी कागद हातात घेऊन, ठराव करून, परवाना मिळेपर्यंत पिच्छा पुरवून सिद्ध केले. आकाशही आमचेच आहे. तेही तसेच मिळवावे लागेल.

जय भीम!