हयात चार, झाली सहा

साहित्य शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने आकड्यांचे गुण गावेत, हे कित्येकांना विचित्र वाटेल. आमच्या धंद्यातील लोकांचा आकड्यांवर पूर्वीपासूनच राग. माणसाचे सुखदुःख कोष्टकात बसत नाही, सरासरीला चेहरा नसतो, अशी वाक्ये आम्ही वर्गात मोठ्या ऐटीने उच्चारतो आणि विद्यार्थीही ती आदराने टिपून घेतात. मीही ती अनेक वर्षे उच्चारली. ती सर्वस्वी खोटी आहेत असे मला आजही म्हणावयाचे नाही. परंतु माझ्या घरातील एक जुने दुःख प्रथम बोलते झाले ते एका कोष्टकामुळे, ही गोष्ट मला फार उशिरा उमगली. आणि ती उमगल्यापासून ही वाक्ये उच्चारताना माझी जीभ जराशी अडखळते.

माझे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. १९८१ च्या फेब्रुवारीत जनगणनेचे काम इतर शिक्षकांबरोबर त्यांच्याकडेही आले. शाळा सुटली की खांद्याला पिशवी अडकवून ते घरोघर निघत, आणि मी कौतुकाने त्यांच्या मागे हिंडत असे. त्या जनगणनेत नमुन्यासाठी निवडलेल्या भागांत विवाहित स्त्रियांना काही अधिक प्रश्न विचारावयाचे होते. आजवर जिवंत जन्मलेली मुले किती व त्यांपैकी हयात किती, हे त्यांतील दोन प्रश्न. आमचे गाव त्या नमुन्यात होते. सारे गाव संपल्यावर शेवटी आमच्या घराची पाळी आली. वडील मोठे नियमाचे. स्वतःच्या घरातही ते ओटीवर बैठक मारून, कागद पुढे घेऊन, परक्यासारखे विचारू लागले. आजीची माहिती लिहिताना मात्र तिला काय विचारावयाचे, ह्या समजुतीने त्यांनी दोन्ही रकान्यांत चार हा आकडा घातला. आजी जवळच तांदूळ निवडीत बसली होती. तिने सूप खाली ठेवले.

"काय लिहिलेस?"

"मुले चार."

"सरकारला हयात हवीत की झालेली?"

"दोन्ही हवीत."

"मग नीट लिही. हयात चार. झाली सहा."

वडिलांची लेखणी थांबली. त्यांचे वय तेव्हा चाळिशीच्या पुढे होते व तोवरचे सारे आयुष्य त्यांनी थोरला मुलगा म्हणून काढले होते. त्यांच्या आधी दोन अपत्ये होऊन गेली होती. पहिली मुलगी; तिचे बारसे झाले होते. दुसरा मुलगा सहा दिवसांचा होऊन गेला. त्याला नाव मिळाले नव्हते. हे सारे आजीने धान्याची मापे सांगावीत तशा आवाजात सांगितले. "इतक्या वर्षांत कधी बोलली नाहीस," असे वडील म्हणाले. त्यावर ती म्हणाली, "विचारले कोणी? तू तरी आत्ता कुठे विचारलेस? सरकारने विचारले."

पुढे पुष्कळ वर्षांनी, आमच्या महाविद्यालयातील संख्याशास्त्राच्या एका सहकाऱ्याशी बोलताना, त्या दोन प्रश्नांचे मर्म मला कळले. जेथे जन्ममृत्यूंची नोंद अपुरी, तेथे बालमृत्यूंचे प्रमाण काढावयाचे कसे, हा मोठाच पेच असतो. विल्यम ब्रास नावाच्या लोकसंख्याशास्त्रज्ञाने त्यावर एक युक्ती काढली. आईला फक्त दोनच गोष्टी विचाराव्या: झाली किती आणि राहिली किती. ह्या दोन आकड्यांतील अंतर व आईचे वय, एवढ्यावरून कोणत्या काळात किती बालके दगावली ह्याचा बराच विश्वासार्ह अंदाज बांधता येतो. आपल्याकडे जन्ममृत्यूंची नोंद सक्तीची करणारा कायदा १९६९ सालीच झाला होता. परंतु सक्ती कागदावर आणि मृत्यू माजघरात, अशी खेड्यापाड्यांतील स्थिती होती. म्हणून जनगणनेच्या कागदाला आजीच्या दारापर्यंत यावे लागले.

ही आठवण मला आज विस्ताराने सांगावीशी वाटली, त्याला आमच्या शहरातील एक साधी घटना कारण झाली. आमच्या भागात नगरपालिकेचा एक लहानसा दवाखाना आहे. तेथे रुग्ण पुरेसे येत नाहीत, सबब तो दुसऱ्या दवाखान्यात विलीन करावा, अशी सूचना पुढे आली. तिला आधार होता दवाखान्याच्या नोंदवहीचा, आणि त्या नोंदवहीत काही खोटे नव्हते. रुग्ण खरोखरच थोडे येत होते. पण जो आला त्याचेच नाव वहीत येते. जो येऊ शकला नाही त्याच्यासाठी तिच्यात रकाना नसतो. राष्ट्रीय सेवा योजनेतील आमचे विद्यार्थी त्या वस्तीत जाणारच होते. त्यांना मी म्हटले की, व्याख्याने पुरे झाली. ह्या वेळी घरोघर जाऊन एवढेच विचारा, की मागच्या आजारात कोठे गेलात, आणि ह्या दवाखान्यात आला नसाल तर का आला नाहीत.

उत्तरे ऐकून आम्ही सारेच ओशाळलो. दवाखाना सकाळी नऊ ते बारा उघडा. वस्तीतील बहुतेक बायका धुण्याभांड्याच्या कामाला आठालाच घराबाहेर पडत व दुपारी दोननंतर परतत. रक्तदाबाच्या गोळ्या दवाखान्यात फुकट मिळत असताना त्या कोपऱ्यावरच्या दुकानातून विकत घेत, आणि पैसे पुरावेत म्हणून एक दिवसाआड खात. म्हाताऱ्यांना मध्ये पडणारा हमरस्ता ओलांडवत नव्हता. औषधाची गरज संपली म्हणून रुग्ण घटले नव्हते. ज्यांना गरज होती, त्यांच्या सवडीच्या वेळी दाराला कुलूप असे.

हे निष्कर्ष अधिकाऱ्यांपुढे ठेवण्यापूर्वी ते त्याच बायकांना वाचून दाखवावेत, असे एका विद्यार्थिनीने सुचविले. मला ते शिष्टाचारापुरते वाटले होते. एका संध्याकाळी देवळाच्या ओवरीत सर्वजणी जमल्या. विद्यार्थ्यांनी कागद वाचला. वाचन संपल्यावर मागे बसलेली एक प्रौढ बाई म्हणाली, "सर, तुम्ही वेळ विचारलीत ते बरे केलेत. पण रांगेत पुरुषमाणसे उभी असताना बाईने आपले दुखणे मोठ्याने सांगायचे, हे कुठे विचारलेत?" आमच्या प्रश्नपत्रिकेत तो प्रश्न नव्हता. ती तयार करणारा मी पुरुष, आणि ती तपासून देणारा माझा सहकारीही पुरुषच. त्या बाईच्या सुरात मला आजीचा सूर ऐकू आला. सरकारला हयात हवीत की झालेली?

अशा न विचारलेल्या प्रश्नामागे केवढे दुःख साठून असते, हे गडचिरोलीच्या अनुभवाने जगाला दाखविले आहे. १९८६ साली डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग त्या जिल्ह्यात गेले. त्यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात जे प्रसिद्ध केले, ते वाचून शहाणी माणसेही चकित झाली. शेकडा ९२ स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शेकडा अवघ्या ८. म्हणजे रोग घरोघर होता. दवाखान्याच्या वहीत तो नव्हता, कारण तो सांगण्याची जागाच कोठे नव्हती.

बालमृत्यूंच्या बाबतीत ह्याच मंडळींनी गावागावांतून प्रत्येक जन्म व प्रत्येक मृत्यू टिपण्याची व्यवस्था उभी केली. त्यांच्या क्षेत्रात १९८८ साली हजार जन्मांमागे १२१ बालके वर्षाच्या आत दगावत होती. मोजणीने नुसती संख्या सांगितली नाही, कारणेही सांगितली: न्यूमोनिया किती, जन्मल्यानंतरच्या पहिल्या महिन्यातील मृत्यू किती. त्यावरून उपाय ठरला. गावातीलच स्त्रियांना शिकवून नवजात बालकाची काळजी घरी जाऊन घेण्याची पद्धत ३९ गावांत अमलात आणली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, नवजात बालकांच्या मृत्यूंत सुमारे ६२ टक्क्यांची घट झाली. आणि २००३ पर्यंत त्या १२१ चे ३० झाले. पुढे २०११ साली 'आशा' कार्यकर्तींमार्फत हाच मार्ग देशभर स्वीकारला गेला. ज्या गावांत जन्ममृत्यू मोजले जात होते त्याच गावांतील स्त्रिया बाळाला ऊब देण्यास पुढे आल्या, ही त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट.

घरोघर जाऊन विचारण्याची ही रीत महाराष्ट्राला अगदीच नवी नव्हे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान ह्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर ह्या एका खेड्याची पाहणी करून १९१७ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. १७७१ साली तेथे सरासरी धारण ४० एकरांची होती. १९१५ च्या सुमारास ती ७ एकरांवर आली होती. महसुलाच्या दप्तरात सारा वेळेवर जमा होत होता. पण कुटुंबाचे पोट त्या जमिनीवर भरते की नाही, हे दप्तर सांगत नव्हते. बहुसंख्य कुटुंबांचे भरत नव्हते, हे उंबऱ्याशी बसून हिशेब मांडल्यावरच दिसले. आज तेच खेडे पिंपरी-चिंचवड महानगराच्या पोटात असून तेथे उंच इमारती उभ्या आहेत. त्या इमारतींत धुण्याभांड्याला कोण जाते व ती आजारी पडल्यास औषधाला कोठे जाते, हे आज पुन्हा उंबऱ्याशी बसूनच विचारावे लागेल.

आकड्यांचा दुरुपयोग होत नाही काय, असा प्रश्न वाचक करतील, आणि तो रास्त आहे. ज्या परिचारिकेने मृत्यू अधिक नोंदले तिलाच वरिष्ठांनी जाब विचारला, तर पुढल्या वर्षी मृत्यू कमी होतात, निदान वहीत तरी. आकडा हा चाबूक झाला की माणसे तो चुकवू लागतात. जिल्ह्याची सरासरी सुधारली ह्या आनंदात एखादा पाडा जसाच्या तसा मरत राहतो, हेही खरेच. तेव्हा माझ्या परीने मी तीन पथ्ये मानतो. मोजणाऱ्याने न आलेल्या माणसापर्यंत जावे. खरा आकडा सांगणाऱ्याला शिक्षा होऊ नये. आणि ज्यांच्याकडून आकडा घेतला त्यांना तो परत वाचून दाखवावा. कारण त्यातले काय राहिले हे त्यांनाच ठाऊक असते.

आमच्या दवाखान्याचे विलीनीकरण तूर्त टळले. आठवड्यातून दोन दिवस तो संध्याकाळी उघडतो व त्यांपैकी एक दिवस केवळ स्त्रियांसाठी राखून ठेवला आहे. त्या दिवशी बाकावर जागा मिळत नाही. हमरस्ता मात्र आहे तसाच आहे. म्हाताऱ्यांची संख्या आम्ही पुन्हा एकदा कागदावर मांडून देत आहोत. फार मोठा पराक्रम झाला असे मी म्हणत नाही.

आजी जाऊनही आता पुष्कळ वर्षे झाली. त्या जनगणनेचा तो कागद केव्हाच रद्दीत गेला असेल. पण त्या वर्षीच्या एखाद्या मोठ्या बेरजेत आमच्या घरातील ती दोन बाळे, एक नावाचे व एक बिननावाचे, मिळाली आहेत खास. चाराचे सहा करताना वडिलांना खाडाखोड करावी लागली, आणि नियमाचे म्हणून त्यांनी बाजूला आपली सही केली. त्या साऱ्या मोजणीत आपल्या हातची खाडाखोड तेवढी एकच, असे ते पुढे सांगत. आणि सांगताना त्यांचा आवाज धान्याची मापे सांगणाऱ्यासारखा मुळीच नसे.