रेंच हाती घेण्याची वेळ

किट कार जोडायला बसलेला माणूस टॉर्क रेंच फार लवकर हातात घेतो, असं माझं ठाम मत आहे. कॉलिन चॅपमनच्या 1957 सालच्या लोटस सेव्हनच्या वळणाची गाडी घ्या. ब्रिटनमध्ये ती सुट्या भागांत विकली जाई, कारण त्यामुळे तयार गाडीवरचा खरेदी कर वाचे. 1973पासून केटरहॅमने तीच परंपरा पुढे चालवली. अशा गाडीत पुढचा विशबोन एकदा बसवून भागत नाही. लावायचा, काही अडतंय का पाहायचं, काढायचा, वॉशर घालून पुन्हा लावायचा. तोवर बोल्ट साध्या पान्याने बेताने आवळलेलेच बरे. दर खेपेला नट शेवटपर्यंत चढवला तर नायलॉक नटातलं नायलॉन झिजतं आणि नटाची पकड जाते. रबरी बुशचं तर त्याहून नाजूक. बोल्ट आवळला की बुशच्या आतली पोलादी नळी ब्रॅकेटमध्ये घट्ट धरली जाते; पुढे विशबोन हलतो तो रबराला पीळ देऊनच. चाकं लोंबकळत असताना आवळलं, तर गाडी जमिनीवर टेकताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून गाडी चाकांवर उभी करावी, सीटवर माणसाच्या वजनाचं पोतं ठेवावं, आणि मगच रेंच लावावा.

मुरलेला मेकॅनिक म्हणेल, हाताला सगळं कळतं. हाताला कळतो तो पान्यावरचा जोर; बोल्ट किती ताणला गेला हे त्याला कळत नाही. त्या जोरातला साधारण 90 टक्के भाग बोल्टच्या डोक्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात जातो. आट्यांना तेल लागलं की तेवढ्याच जोराला बोल्ट बराच जास्त ताणला जातो. मग घर्षण इतकं बेभरवशाचं असताना रेंचवरचा आकडा तरी काय कामाचा? हा आक्षेप वजनदार आहे. रेंच 4 टक्क्यांच्या आत अचूक असला तरी ताणात 25-30 टक्क्यांचं अंतर पडू शकतं. पण सिलिंडर हेडचे सगळे बोल्ट सारखे स्वच्छ असले, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे तेल लावून ठरलेल्या क्रमाने टप्प्याटप्प्याने आवळले, तर ते निदान एकमेकांच्या जवळपास ताणले जातात आणि गॅस्केट सगळीकडे सारखं दाबलं जातं. नुसत्या हाताला ही बरोबरी ओळीने दहा बोल्टांवर राखता येत नाही.

फायबर ग्लासच्या मडगार्डला मात्र रेंच नको. बोल्ट नीट ताणला जाण्याआधीच फायबर चिरडतं; तिथे रुंद वॉशर आणि हाताचा अंदाज पुरे. बाकी प्रत्येक पक्क्या नटावर रंगाची रेघ ओढावी, आणि चाकांचे नट पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा रेंचने तपासावेत.