नाण्यावरचे साल, नाण्याचे वय

१/ जुन्या बाजारात मोडीच्या चांदीत मला एक थोराड नाणे सापडले. एका बाजूस डोक्यावरून वस्त्र घेतलेली प्रौढ स्त्री, दुसऱ्या बाजूस दुतोंडी गरुड आणि साल १७८०. घरी येताच पाकिटावर मोठ्या अभिमानाने ‘१७८०’ असे लिहिले.

२/ परके नाणे ओळखताना प्रथम त्यावरील अक्षरे वाचावीत. लॅटिन लेखातील ‘एम. थेरेसिया’ म्हणजे ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया तेरेसा. डोक्यावरचे वस्त्र वैधव्याचे. मग वजन करावे: २८ ग्रॅम, चांदीच्या रुपयाच्या दुपटीहून अधिक. हा तिचा प्रसिद्ध थेलर.

३/ आता खरी मेख. १७८० हे तिच्या मृत्यूचे साल; नाणी मात्र त्यानंतरही पडतच राहिली. इथिओपिया, येमेन आणि अरबस्तानातील व्यापाऱ्यांचा या छापावर इतका विश्वास होता, की तो बदलण्याची सोयच उरली नाही. व्हिएन्नाप्रमाणेच विसाव्या शतकात रोम, लंडन येथील टांकसाळींनी तेच साल घालून हीच नाणी पाडली. महायुद्धाच्या धामधुमीत, १९४०-४१ मध्ये, आपल्या मुंबईच्या टांकसाळीनेही!

४/ टांकसाळ ओळखायची, तर गरुडाच्या शेपटीची पिसे आणि सम्राज्ञीच्या खांद्यावरील पदकाचे मणी भिंगाखाली न्याहाळावे लागतात. माझे ते काम अजून चालू आहे. कदाचित हे नाणे फोर्टातच जन्मले असेल. पाकिटावरच्या ‘१७८०’पुढे तूर्त मी एक प्रश्नचिन्ह काढले आहे.