शेजारचं छायाचित्र

जुन्या ब्रिटिश विमानांची, पुलांची, जहाजांची छायाचित्रं मला लहानपणापासून आवडतात. त्यांतलं लाडकं १८५७चं, रॉबर्ट हाउलेटनं टिपलेलं: ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाच्या अजस्र साखळ्यांपुढं तोंडात सिगार धरून उभा असलेला अभियंता ब्रुनेल.

नोकरीनिमित्त एन्नोरला आलो आणि रोजच्या वाटेवर बकिंगहॅम कालवा भेटू लागला. इथला भाग जुना, १८०६च्या सुमाराचा. पुढं मद्रास शहरात कूवम आणि अड्यार नद्या जोडणारा सुमारे आठ किलोमीटरचा तुकडा मात्र १८७७-७८मध्ये दुष्काळी कामावरच्या माणसांनी खणला. त्याच दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी पुरुषाची रोजची मजुरी ठरवली होती: एक पौंड धान्य आणि एक आणा.

विलोबी हूपरनं तेव्हा मद्रास इलाख्यातल्या दुष्काळग्रस्तांची छायाचित्रं घेतली. त्यांतल्या माणसांच्या बरगड्या मोजता येतात. कालव्याला नाव मिळालं ते गव्हर्नरचं.

ब्रुनेलला मी भिंतीवरून उतरवलेलं नाही. शेजारी हूपरचं एक छायाचित्र लावलंय. पाहुणे विचारतात, या दोघांचा काय संबंध? मी त्यांना कालव्यावर घेऊन जातो.