‘सरळ येता का?’

मुंबईहून इंदूरला येणारं विमान नैर्ऋत्येकडून शिरतं. धावपट्टी २५ मिळाली की शहराला वळसा घालून पूर्वेकडून, घरांच्या दिव्यांवरून उतरायचं. ०७ मिळाली तर अगदी नाकासमोर. त्या संध्याकाळी आम्ही २५ची सगळी तयारी करून बसलो होतो. धावपट्टी २४ सागरी मैलांवर, उंची १३,००० फूट, आणि रेडिओवर विचारणा आली: वारा शांत आहे, ०७वर सरळ येता का?

मी ‘हो’ म्हणालो. वेळ वाचणार, इंधन वाचणार, शिवाय गाव माझं. खाली लोकमान्यनगरात आई चहा टाकायच्या बेतात असेल.

उतरण्याचा आमचा हिशेब साधा आहे: दर हजार फुटांना ३ मैल. २४ मैलांवर जमिनीपासून ८,००० फूट हवेत. इंदूरच्या जमिनीची उंची वजा करूनही आम्ही ११,००० वर होतो. वळसा घेतला असता तर ही जास्तीची उंची आपसूक विरघळली असती. आता ती हातानं काढायची होती. स्पीडब्रेक ओढा, चाकं लवकर सोडा, कॉम्प्युटरमधला मार्ग पुसून नवा भरा, नकाशा बदला, मधेच रेडिओला उत्तर द्या. नुसती लगीनघाई. कामाचा ताण म्हणजे घाम फुटणं, असं बाहेरच्यांना वाटतं. कॉकपिटमध्ये तो हुशारीचं सोंग घेऊन येतो. हात भराभर चालतात आणि आपण किती तरबेज आहोत असं वाटू लागतं.

२० डिसेंबर १९९५ला कोलंबियातल्या कालीजवळ असंच झालं. मायामीहून आलेल्या बोइंग ७५७ला सरळ धावपट्टी १९वर यायला विचारलं गेलं, वैमानिकांनी होकार दिला आणि मग घाई सुरू झाली. ‘रोझो’ बीकनसाठी त्यांनी कॉम्प्युटरवर ‘आर’ हे अक्षर दाबलं. यंत्राला ते बोगोटाजवळचं ‘रोमिओ’ वाटलं. विमान मुकाट डावीकडे डोंगरांकडे वळलं. १५९ माणसं गेली. त्या होकाराआधीची दोन मिनिटं मी सिम्युलेटरमध्ये शिकाऊंना पुन्हा पुन्हा दाखवतो, आणि तरीही.

बरं, कॉम्प्युटर नसतानाही माणसं चुकतच होती. मुंबईत सांताक्रूझ विमानतळाच्या पश्चिमेला जुहूची छोटी धावपट्टी आहे, दिशा जवळजवळ तीच. १९५३च्या जुलैत बीओएसी कंपनीचं कॉमेट विमान सांताक्रूझ समजून तिथं उतरलं. पुन्हा उडायला त्याला ९ दिवस लागले. २४ सप्टेंबर १९७२ला जपान एअरलाइन्सच्या डीसी-८नंही तेच केलं आणि ते धावपट्टीबाहेर गेलं. कोणी दगावलं नाही, हे नशीब. नवखे नव्हते ते वैमानिक. पण जिची वाट पाहतोय ती धावपट्टी एकदा ‘दिसली’ की माणूस उपकरणांकडे बघायचं सोडतो. दिसल्याचा तो सुटकेचा निःश्वास मला धुक्यापेक्षा जास्त भिववतो.

आता माझी चूक. इंदूर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण १,८५० फुटांवर आहे. अल्टिमीटर समुद्रापासूनची उंची दाखवतो. तो २,९०० दाखवत होता, आणि मुंबईत रोज उतरणारं माझं डोकं म्हणालं, अजून बराच वेळ आहे. वेग जास्त, फ्लॅप अर्धेच. तेवढ्यात यंत्राचा आवाज आला: ‘वन थाउजंड.’ म्हणजे खाली फक्त हजार फूट. या उंचीवर विमान स्थिर नसेल तर उतरायचं नाही, हा नियम. मला तो आवाजच खोटा वाटला. क्षणभर, पण वाटला.

‘अनस्टेबल. गो-अराउंड,’ उजवीकडून फर्स्ट ऑफिसर म्हणाला. शांतपणे, बसमध्ये थांबा सांगावा तसा. मी पॉवर दिली.

शहरावरून फिरून २५वर उतरलो. वाचवायला निघालेला वेळ दुपटीनं गेला. विमान रिकामं झाल्यावर पोरगा कागद आवरत म्हणाला, ‘सर, २४ मैलांवरच वाटलं होतं, जमणार नाही.’

‘मग तेव्हाच का नाही बोललास?’

‘तुम्ही इंदूरचे ना. म्हटलं, तुम्हाला ठाऊक असेल.’