खोपोली ते पाली : खालसातून संस्थानात

खोपोलीहून पालीकडे जाणारा रस्ता बोरघाटाच्या पायथ्याशी मुंबई–पुणे मार्गापासून फुटतो आणि १९१५ पासून चालू असलेले टाटांचे वीजघर व पाताळगंगेचे खोरे मागे टाकून दक्षिणेला अंबा नदीच्या खोऱ्यात उतरतो. आजच्या प्रवाशाला या वाटेवर खालापूर तालुका संपून सुधागड सुरू होतो एवढेच जाणवते. १९४८ पर्यंत मात्र येथे राज्य बदलत असे. खालापूर हा कर्जत तालुक्याचा पेटा, म्हणजे तालुक्याहून लहान महसुली विभाग होता. कर्जत १८९१ मध्ये ठाण्यातून कुलाबा जिल्ह्यात आला, आणि हा सारा प्रदेश खालसा, म्हणजे थेट ब्रिटिश अमलाखालील होता. सुधागड हा पंतसचिवांच्या भोर संस्थानाचा तालुका. भोरने १८७९ मध्ये स्वतःची टपाल तिकिटे काढली होती, आणि तेथील रहिवासी कायद्याने ब्रिटिश प्रजा नव्हे, तर केवळ ब्रिटिशांच्या संरक्षणाखालील व्यक्ती गणला जाई.

या हद्दीचा खरा चमत्कारिकपणा पालीहून उलट दिशेने पाहिल्यास कळतो. संस्थानची राजधानी सह्याद्रीपलीकडे आणि सुधागड कोकणात असल्यामुळे घाटवाटांनी पायी उतरणे शक्य असले, तरी गाडीरस्त्याने येणाऱ्या भोरच्या अंमलदाराला खंडाळा–खोपोलीवरून बोरघाट किंवा महाडकडे उतरणारा वरंध घाट यांतून निवड करावी लागे, आणि दोन्ही वाटा खालसातून जात. म्हणजे स्वतःच्याच तालुक्यात पोहोचण्यासाठी त्याला परमुलूख ओलांडावा लागे. पंतसचिवांची कुलदेवता भोराई सुधागड किल्ल्यावर आहे, हे ध्यानात घेतल्यास ही अडचण केवळ महसुलापुरती नव्हती.

भाविकांनी मात्र या रेषेला फारशी किंमत दिली नसावी, असे मानण्यास जागा आहे. खालापूर तालुक्यातील महडचा वरदविनायक आणि सरसगडाच्या पायथ्याचा पालीचा बल्लाळेश्वर ही अष्टविनायकांतील दोन स्थाने एकाच फेरीत जोडली जातात. त्यांपैकी महड ब्रिटिश हद्दीत होते, तर आठांपैकी पाली हे एकटेच स्थान भोरच्या हद्दीत होते. मार्च १९४८ मध्ये भोर मुंबई प्रांतात विलीन झाले, त्यानंतर सुधागड कुलाबा जिल्ह्याला जोडला गेला, आणि १९८१ मध्ये त्या जिल्ह्याचे नाव रायगड झाले.